पुण्यात तीन दिवस: शनिवारवाड्यापासून कात्रजच्या तळ्यापर्यंत

आपण लातूरहून लिहिले आहे की, दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये तीन दिवस पुण्यात येणार आहात आणि बरोबर पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीचा त्रास असलेले पंचाहत्तरीचे वडील आहेत. ‘चुकवू नयेत अशी दहा ठिकाणे आणि बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसलेली दहा ठिकाणे सांगा’ अशी आपली विनंती आहे. गेली बावीस वर्षे मी पुण्याच्या पेठांमधून लोकांना पायी हिंडवून शहर दाखवण्याचे काम करतो. वीस नावे मी आत्ता, या क्षणी लिहून देऊ शकेन. पण त्या यादीने आपले काम होणार नाही, असे मला मनापासून वाटते आणि त्याचे कारण आधी सांगतो.

माझ्या कामाच्या सुरुवातीच्या काळात कोल्हापूरच्या एका कुटुंबाला मी एका दिवसात अकरा ठिकाणे दाखवली होती. सगळे वेळेवर झाले, जेवण वेळेवर झाले, कुणाची तक्रार नव्हती. संध्याकाळी निरोप घेताना त्या घरातल्या आजींनी मला विचारले, ‘ते कमळाचे कारंजे आपण कुठल्या देवळात पाहिले हो?’ ते कारंजे शनिवारवाड्यातले होते. आजींचा दोष काहीच नव्हता. अकरा ठिकाणे मी त्यांच्यासमोर ओळीने मांडली होती, पण एकाचा दुसऱ्याशी काय संबंध आहे हे सांगायला मी वेळच ठेवला नव्हता. तेव्हापासून मी प्रसिद्ध आणि अपरिचित अशा दोन याद्या करणे सोडून दिले. प्रत्येक प्रसिद्ध जागेची गोष्ट कुठेतरी अर्धी राहिलेली असते. आग लागून, पाडापाडीत किंवा नुसत्या विस्मरणाने तिचा उरलेला भाग दुसरीकडे गेलेला असतो. तो उरलेला भाग जिथे सापडतो, ती माझ्या मते खरी ‘अपरिचित’ जागा. नुसती गर्दी नाही म्हणून एखादी जागा पाहण्यासारखी ठरत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही स्पष्ट करतो. वडिलांना सलग किती चालवते, यावर पहिल्या दिवसाचा सगळा आराखडा ठरेल. अर्धा किलोमीटर चालून ते थोडे बसून पुन्हा उठू शकत असतील, तर पुढे लिहिले आहे ते बहुतेक जमेल. मुलीला इतिहासाची गोडी आहे की प्राण्यांची, हे आपण लिहिलेले नाही. दोन्ही बाजूंनी विचार करून ठेवला आहे. उघडण्या-मिटण्याच्या वेळा आणि सुट्टीचे वार बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ते एकदा तपासून घ्या. आणि पुण्यातल्या मध्यवर्ती पेठांमध्ये स्वतःची गाडी आणण्याचा विचार कृपया सोडून द्या. गाडी उभी करायला जागा शोधण्यात सकाळ जाते. सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आहे आणि तिची कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्थानके आपल्याला हव्या असलेल्या वस्तीतच आहेत. बाकी अंतरे रिक्षाने करावीत.

पहिली सकाळ शनिवारवाड्याला द्या, आणि तो उघडता उघडता पोहोचा. पुष्कळ लोक इथून निराश होऊन परततात, कारण ‘आत काहीच नाही’. ते खरे आहे. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी पाया घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, पुढच्या पिढ्यांनी त्यावर मजले आणि महाल चढवले. आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतले सगळे लाकूडकाम जळून गेले. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि दगडी जोती. म्हणून इथे पाहायचे ते जोत्याकडे बघून वरच्या वाड्याचा अंदाज करत पाहायचे. आत शिरण्यापूर्वी दिल्ली दरवाज्यापाशी पाच मिनिटे थांबा. उत्तरेकडे, म्हणजे दिल्लीच्या दिशेला तोंड असलेल्या या दरवाज्याच्या फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. ते कुठल्या उंचीवर आहेत हे मुलीला पाहायला सांगा आणि तिथेच का, असे विचारा. हत्तीने कपाळाने धडक मारून दार फोडू नये, म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर आहेत. हे उत्तर मुले स्वतः शोधून काढतात आणि मग पुढे दिवसभर त्यांचे डोळे उघडे राहतात. दरवाज्यातून आत गेल्यावर वाट सरळ जात नाही, वळते. शत्रूला धावत आत घुसता येऊ नये यासाठीची ती योजना आहे. याच उत्तरेच्या तटात पुढे मस्तानी दरवाजा आहे. त्याचे नाव मुलीच्या लक्षात राहू द्या, ते आपल्याला तिसऱ्या दिवशी लागणार आहे.

आत गेल्यावर हजारी कारंजे पाहा. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हे कारंजे आज कोरडे असते, पण माझ्या दृष्टीने साऱ्या वाड्यातली ही सर्वांत बोलकी जागा आहे. इथे मी प्रत्येक मुलाला एकच प्रश्न देतो आणि त्याचे उत्तर त्या दिवशी सांगत नाही: ‘नळ नव्हते, पंप नव्हता, मग या कारंज्याला पाणी कुठून यायचे आणि ते वर कसे उडायचे?’ आपणही सांगू नका. त्या प्रश्नाचे उत्तर दहा-बारा किलोमीटरवर आहे आणि दुसऱ्या दिवशी आपण तिथे जाणार आहोत. वडिलांना तटावर चढवू नये. बागेत सावलीला बसायला जागा आहे आणि १७७३ च्या ३० ऑगस्टला नारायणराव पेशव्यांचा खून इथेच झाला, ती हकीकत आजोबांनी नातीला बसल्या जागी सांगितली, तर ती माझ्यापेक्षा चांगली सांगतील.

शेजारचा लाल महाल पंधरा मिनिटांत पाहून होतो. शहाजीराजांनी जिजाऊ आणि बालशिवाजी यांच्यासाठी बांधलेला मूळ वाडा आज उरलेला नाही. आज दिसते ती महापालिकेने विसाव्या शतकात उभारलेली वास्तू आहे. शायिस्ताखानावरचा १६६३ चा छापा याच जागी झाला, एवढे सांगून पुढे जायला हरकत नाही. तिथून ग्रामदैवत कसबा गणपतीचे दर्शन घ्या आणि मग तांबट आळीत जा. कसबा पेठेतल्या या आळीचे नाव प्रवाशांच्या यादीत क्वचितच असते. पेशवाईत कोकणातून येऊन वसलेल्या तांबटांच्या पिढ्यांनी इथे तांब्या-पितळेची भांडी घडवली. आज काम करणारी घरे कमी झाली आहेत, पण आळीत शिरल्यावर अजूनही ठोक्यांचा आवाज आधी ऐकू येतो आणि कारागीर नंतर दिसतो. भांडे लोखंडी खरवईवर, म्हणजे ठोकण्यासाठीच्या आधारावर, धरून हातोडीने त्यावर एकसारखे ठोके उमटवत जातात, त्याला मठारणे म्हणतात. हे नुसते नक्षीकाम नाही. ठोक्यांनी पत्रा आवळला जाऊन भांडे कडक होते. मी अनेकदा पाहिले आहे की, आई-वडिलांच्या पिढीतली माणसे इथे एकदम बोलू लागतात, कारण बंब, घंगाळ, तपेली ही त्यांच्या लहानपणच्या घरातली भांडी असतात. आपल्या वडिलांना या आळीत घाई करू नका. कारागिरांचे काम चालू असताना विचारल्याशिवाय फोटो काढू नये, आणि जमले तर एखादे लहानसे भांडे विकत घ्यावे. बघून जाणारे पुष्कळ असतात, पण चूल त्याने पेटत नाही.

इथपर्यंत दुपार होईल. जेवून विश्रांती घ्या. दुपारी एक ते चार या वेळेत पेठांमधली बरीच दुकाने मिटलेली असतात, त्यामुळे आपले काही चुकत नाही. तीनच्या सुमाराला विश्रामबागवाडा आणि राजा दिनकर केळकर संग्रहालय या दोन जागा घ्या, आणि याच क्रमाने घ्या. सकाळी आपण लाकूड जळून गेलेला वाडा पाहिला. ते लाकूड कसे होते हे विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागावर दिसते. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या वाड्याचे सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, त्यांवरच्या महिरपी आणि पुढे आलेला सज्जा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून पाहावा. अगदी खाली उभे राहिल्यास सज्जा डोक्यावर येतो आणि काहीच दिसत नाही. आतला भाग त्या दिवशी पाहता आला नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. वाड्याचा जोता सकाळी पाहिला, त्याचे खांब दुपारी पाहिले, आता त्या वाड्यातली माणसे काय वापरत होती ते केळकर संग्रहालयात आहे.

केळकर संग्रहालयाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण इथे लोक चुकीच्या पद्धतीने फिरतात. डॉ. दिनकर केळकर, म्हणजेच कवी ‘अज्ञातवासी’, यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या राजा या आपल्या मुलाच्या नावाने हे संग्रहालय उभे केले. त्यातल्या थोड्याच वस्तू मांडलेल्या आहेत आणि तरीही त्या इतक्या आहेत की, प्रत्येक कपाटापुढे थांबलात तर तासाभरात डोळे थकतात. म्हणून तीनच गोष्टी ठरवून जा. पहिली म्हणजे दिवे: समया, लामणदिवे, हातात धरायचे दिवे. दुसरी अडकित्ते, सुपारी कातरण्याच्या एवढ्याशा हत्यारावर घोडेस्वार, पोपट आणि नर्तकी का घडवाव्यात, याचा विचार करत तिथे उभे राहावेसे वाटते. मी दर वेळी एका वज्रीपाशी थांबतो. पाय घासायची वस्तू, ती कुणालाही दिसणार नाही अशी न्हाणीघरात पडून राहणार, तरीही घडवणाऱ्याने तिच्यावर मोर बसवला आहे आणि घासायची बाजू मात्र खडबडीत ठेवली आहे. तिसरी गोष्ट मस्तानी महाल. कोथरूडला असलेल्या मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून ते दालन इथे पुन्हा उभे केले आहे. सकाळी नुसता मस्तानी दरवाजा पाहिला होता, संध्याकाळी तिच्या घराचे छत आणि खांब पाहिले, हे मुलीच्या आपोआप लक्षात येईल. जिने आहेत, त्यामुळे वडिलांनी कोणती दालने पाहावीत हे तिकीट घेतानाच विचारून घ्या.

परतताना दगडूशेठ गणपतीचे दर्शन रस्त्यावरूनही घडते, आणि तुळशीबागेत खरेदीला शिरलात तर आतले राममंदिर पाहायला विसरू नका. पुण्यातल्याच कितीतरी बायका तिथे वर्षानुवर्षे बांगड्या-भांडी घेतात, पण गर्दीतून आत वळून देवळापर्यंत जातातच असे नाही.

दुसरा दिवस पाण्याचा. सकाळी लवकर सोमवार पेठेत नागझरीजवळचा त्रिशुंड गणपती पाहा. पुण्यात एकच अपरिचित जागा सांगा असे कुणी म्हटले, तर मी हेच नाव सांगतो. भिमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधकामास प्रारंभ केला आणि १७७० मध्ये इथे मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. पेशवाईतली पुण्याची देवळे बहुतेक साधी, चुन्या-विटांची, सभामंडप लाकडी असलेली आहेत. हे मात्र सबंध काळ्या दगडात कोरलेले आहे आणि त्याची घडण राजस्थान-माळव्याकडची आठवण करून देते. गाभाऱ्यात तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला आहे. गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत शिलालेखांबरोबर एक फारसी शिलालेखही आहे. खाली तळघरात समाधी असून तिथे पाणी साठलेले असते, आणि ते गुरुपौर्णिमेला दर्शनासाठी उघडतात. पण आत जाण्याआधी दर्शनी भिंत नीट पाहा. द्वारपाल, हत्ती, वेलबुट्टी यांच्यामध्ये एका पट्टीवर साखळदंडांनी बांधलेला एक गेंडा आहे आणि त्याच्याजवळ बंदूकधारी गोरे शिपाई आहेत. गेंडा हा बंगाल-आसामकडचा प्राणी आणि प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे हे देऊळ बांधले जात असतानाची. इंग्रजांनी तो मुलूख जखडल्याचे हे चित्र आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुण्यातल्या एका अरुंद गल्लीतल्या पाथरवटाने बंगालची बातमी दगडात कोरून ठेवली, असे मानले की ती भिंत वर्तमानपत्रासारखी वाचता येते. वीस मिनिटे पुरतात. पण दिवस डोक्यावर येण्याआधी जा, कारण तिरप्या उन्हात उठाव स्पष्ट दिसतो आणि माध्यान्हीच्या उन्हात तो सपाट होतो.

तिथून कात्रजला रिक्षाने किंवा स्वारगेटपर्यंत मेट्रोने आणि पुढे बसने जा. तिथले राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आपल्या मुलीला आवडेल, आणि वडिलांसाठी तिथे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात. पण मी तिथे पाठवतो ते मुख्यतः आतल्या तलावासाठी. लोक वाघ पाहून तलावाकडे पाठ करून निघून जातात. कृपया तसे करू नका. तलावाच्या काठाशी उभे राहून मुलीला कालचा प्रश्न पुन्हा विचारा.

उत्तर असे आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजच्या ओढ्यावर बांध घालून हे पाणी अडवले आणि दगड-विटांच्या बांधीव भुयारी नळातून ते शहरात आणले. नळ असा की, माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल. कात्रज उंचावर, शनिवारवाडा सखल भागात. सगळा प्रवास केवळ उताराच्या जोरावर. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. आत कोंडलेली हवा बाहेर पडावी, गाळ तळाशी बसावा आणि नळावर पाण्याचा दाब बेताचा राहावा, यासाठी ही उभी बांधकामे असत. पेठांमध्ये हे पाणी हौदांत पडे आणि लोक तिथून भरून नेत. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुणेकर आजही पत्ता सांगताना वापरतात. वाड्यात पोहोचणारे पाणी उंचावरून आलेले असल्यामुळे त्याला स्वतःचाच जोर होता, आणि त्या जोरावर कारंजे उडत असे. हे एकदा समजले की, शनिवारवाड्यातल्या त्या कोरड्या कमळापासून इथल्या काठापर्यंत एक रेघ मनात ओढली जाते. सोलापूरच्या एका मुलाने याच काठावर मला विचारले होते, ‘म्हणजे राजाच्या कारंज्याचे आणि हौदावर येणाऱ्या बाईच्या कळशीचे पाणी एकच होते?’ हो, एकच होते. इतका नेमका प्रश्न मला मोठ्या माणसांनी कधी विचारला नव्हता. प्राणिसंग्रहालयाला बुधवारी सुट्टी असते, हे लक्षात असू द्या.

त्या दिवशी संध्याकाळी वडील थकले नसतील तर गंज पेठेतला फुलेवाडा पाहा. घर लहान आहे, मांडणी साधी आहे, पण अंगणातला हौद पाहण्यासाठी जायलाच हवे: १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. सकाळी कात्रजचे पाणी समजून घेतलेल्या माणसाला, त्याच शहरात पाणी कुणी भरायचे आणि कुणी नाही हा प्रश्न केवढा होता, हे वेगळे सांगावे लागत नाही. पुण्याचे पाणी दाखवताना कारंज्यापाशी थांबणे मला अर्धवट वाटते. म्हणून वेळ थोडा असला तर मी बाकीचे काहीही सोडतो, ही जागा सोडत नाही. जोतीरावांची समाधीही इथेच आहे.

आगाखान पॅलेस तुमच्या यादीत असणार आणि तो असावाही. १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी, दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तो बांधला. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ गांधीजी तिथे स्थानबद्ध होते, आणि त्या काळात महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा या दोघांचाही मृत्यू तिथेच झाला. बहुतेक लोक कमानींपुढे फोटो काढून परततात. मागच्या बाजूला त्या दोघांच्या समाध्या आहेत, तिथपर्यंत चाला. साऱ्या परिसरातली ती सर्वांत शांत जागा आहे. तो शहराच्या पूर्व टोकाला असल्यामुळे येण्याच्या किंवा जाण्याच्या दिवशी वाटेत घ्यावा, त्यासाठी पेठांमधून वेगळी फेरी करू नये. पर्वतीच्या बाबतीत माझे उलट मत आहे: १०३ पायऱ्या वडिलांना चढायला लावू नका, पण आपण आणि मुलगी एका सकाळी साडेसहाला चढून या, तोवर वडील सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपाशी बसू शकतील. पानिपतच्या बातमीने खचलेल्या नानासाहेबांनी १७६१ मध्ये पर्वतीवरच देह ठेवला; वरून दिसणारे हे शहर आणि कात्रजचे ते पाणी, दोन्ही त्यांच्या हातून घडलेले आहे.

तिसऱ्या दिवशी पुण्याबाहेर पडा. सगळे सिंहगड सुचवतील. सिंहगड उत्तम आहे, गाडी वरपर्यंत जाते, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही मिळते. पण सुट्टीच्या दिवशी घाटात जी वाहनांची रांग लागते, तिच्यात वडिलांना दोन-दोन तास बसवणे मला पटत नाही. आपला तिसरा दिवस आठवड्यातल्या कामाच्या वारी येत असेल तर जरूर सिंहगडला जा. शनिवार-रविवार असेल तर माझे मत भुलेश्वरला आहे.

भुलेश्वर सोलापूर रस्त्यावर यवतजवळ, पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर डोंगरावर आहे आणि गाडी देवळाच्या अगदी जवळ जाते. बाहेरून पाहिले तर हे यादवकालीन देऊळ आहे असे वाटतच नाही, कारण नंतरच्या बांधकामाने ते झाकले गेले आहे. अरुंद, अंधाऱ्या जिन्याने वर गेले की एकदम काळ्या दगडातले शिल्पकाम समोर येते. या जिन्यावर वडिलांचा हात धरावा लागेल आणि बॅटरी जवळ ठेवावी. प्रदक्षिणेच्या वाटेवर स्त्रीरूपातला गणपती, म्हणजे विनायकी, मुलीला शोधायला सांगा. याच डोंगरावर आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने दौलतमंगळ हा किल्ला उभारला होता. त्यानेच पुणे उद्ध्वस्त केले आणि तिथे गाढवाचा नांगर फिरवला, असे सांगितले जाते. आणि जिजाऊंनी त्या भूमीवर सोन्याचा नांगर फिरवून ती पुन्हा वसवली, असेही परंपरा सांगते. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत पाहिलेल्या लाल महालाची आधीची गोष्ट इथे सापडते, म्हणून मी तिथे जास्त वेळ थांबू नका असे म्हटले होते.

परतताना आलेल्या वाटेने न येता माळशिरस, सासवड या बाजूने या. नोव्हेंबरात सासवडच्या आसपास पुरंदरची सीताफळे मिळण्याची शक्यता असते. हाताने दाबून जरा नरम लागणारी तेवढीच त्या दिवसासाठी घ्या, बाकीची कडक घ्या म्हणजे लातूरपर्यंत टिकतील. सासवड सोडले की दिवे घाट लागतो. हीच ज्ञानोबांच्या पालखीची वाट. घाट उतरताना खाली वडकी गावाच्या हद्दीत दगडी बांधाचा एक तलाव दिसतो, तो मस्तानी तलाव. दरवाजा, महाल आणि आता तलाव. मुलीने तोवर स्वतःहून नाव ओळखले नाही तर तिला फक्त एवढे विचारा की, शनिवारवाड्याच्या उत्तरेच्या तटातल्या दुसऱ्या दरवाज्याचे नाव काय होते. घाटात वळणावर गाडी थांबवू नका. वाहने वेगाने उतरतात. खाली उतरल्यावर गावातून तलावापर्यंत जाता येते, पण काठ उंच आहे आणि पाण्यात कुणी उतरू नये.

एक विनंती मनापासून करतो. आपण ‘एखादा जुना वाडा आतून पाहता येईल का’ असेही विचारले आहे. पेठांमधले उरलेले वाडे ही लोकांची राहती घरे आहेत. काही वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्या वाड्यात लहान गट नेत असे. चौकात कुरडया वाळत घातलेल्या असत आणि घरातल्या काकू आम्हाला ओसरीवर बसवून पाणी देत. आमच्यातल्या एकाने तो चौक, ते वाळवण आणि त्या काकू यांचे फोटो पत्त्यासह सगळीकडे पाठवले. महिन्याभरात अनोळखी माणसे दारात उभी राहू लागली आणि काकूंनी दिंडी दरवाजा कायमचा लावून घेतला. चूक माझी होती. आधी सांगायला हवे होते ते मी सांगितले नव्हते. म्हणून अशा घरांची नावे मी लिहीत नाही. विश्रामबागवाडा आणि केळकर संग्रहालय नीट पाहिले तर वाड्याची कल्पना पुरेशी येते.

खाण्याबद्दल थोडक्यात: सकाळची मिसळ पेठेत, दुपारी साधी थाळी, संध्याकाळी मुलीसाठी मस्तानी (याच नावाचे, आइस्क्रीम घातलेले दुधाचे पेय) आणि परतताना बाकरवडी, एवढे पुरे. वडिलांना तिखट चालत नसेल तर मिसळीचा रस्सा वेगळा मागा, सगळीकडे देतात.

धावती उजळणी करायची तर: पहिल्या दिवशी शनिवारवाडा, लाल महाल, तांबट आळी, मग विश्रामबागवाडा आणि केळकर संग्रहालय, दुसऱ्या दिवशी त्रिशुंड गणपती, कात्रज आणि फुलेवाडा, तिसऱ्या दिवशी भुलेश्वर, सासवड आणि दिवे घाट, आगाखान पॅलेस येता-जाता, पर्वती जमल्यास. पहिल्या दिवशी कमी पडले तर लाल महाल सोडा, तांबट आळी सोडू नका.

आपल्या नेमक्या तारखा आणि वार कळवलेत तर बरे होईल. दुसरा दिवस बुधवार निघाला, तर कात्रज तिसऱ्या दिवशी आणि भुलेश्वर दुसऱ्या दिवशी घ्यावे लागेल. मग मुलीला कारंज्याच्या उत्तरासाठी आणखी एक दिवस थांबावे लागेल, पण तेवढे ती थांबेल.